बिनपत्त्याचा निरोप

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी खैरमाळ गावातल्या एकशे शहाण्णव घड्याळांवर एकाच वेळी एक शब्द उमटला: येते.

बस, एवढंच. कोण येते, कुठून येते, कशाला येते, काही नाही. मी तेव्हा वांगी चिरत होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या खालच्या पट्टीवर एरवी हवामान दिसतं, ‘दुपारनंतर ढगाळ’ वगैरे. त्या ढगांच्या जागी हा शब्द आला आणि माझी सुरी तशीच थांबली. कारण माझ्या मते तो शब्द माझ्या सुनेचा होता आणि माझ्यासाठी होता. पुढच्या पाच मिनिटांत कळलं की गावातल्या प्रत्येकाला तो आपल्यासाठीच आहे असं वाटतंय.

आधी मी कोण ते सांगते. मी रत्नप्रभा औटी. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची सोळा इथेच. शिक्षक दोनच, त्यामुळे विज्ञानही मी आणि मराठीही मीच. निवृत्त झाले तरी गाव मला ‘बाई’च म्हणतं आणि मीही अजून गावाचं व्याकरण दुरुस्त करते. माझा मुलगा विश्वजित म्हणतो, “आई, तू घरात राहत नाहीस, तू घरातून प्रसारित होतेस.” वाक्य चुकीचं आहे, पण त्याला काय म्हणायचंय ते कळतं.

खैरमाळ जुन्नरच्या वरच्या अंगाला, पठारावर आहे. बारा वर्षांपूर्वी इथे रेडिओ दुर्बिणी आल्या. दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी नव्हे. पांढऱ्या जाळीच्या तीनशे मोठ्या परड्या माळावर उताण्या ठेवल्या आहेत, आणि विश्वातले पहिले तारे पेटले तेव्हाची कुजबुज त्या ऐकतात. ही कुजबुज इतकी क्षीण, की आपल्या खिशातला मोबाईल तिच्यापुढे वरातीतला बँड ठरतो. म्हणून सरकारने आजूबाजूचा वीस किलोमीटरचा टापू ‘शांतक्षेत्र’ केला. मोबाईल बंद, वायफाय बंद, नव्या बोलक्या गाड्यांना घाटाखालीच थांबा. वर येते ती फक्त जुनी डिझेलची एसटी, कारण तिला खडखडाटापलीकडे काही बोलता येत नाही. घरोघर फायबरची तार टाकून देऊ असं आश्वासन मिळालं होतं, ते अजून ताजं आहे. तारेचा एकमेव फोन ग्रामपंचायतीत आहे, आणि त्या खोलीची किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात.

पण शांतक्षेत्रात बोलायला बंदी आहे, ऐकायला नाही. म्हणून घरातल्या वस्तूंना कान बसवले.

हे कान कसे चालतात ते मी सातवीच्या वर्गाला शिकवायची, तसंच इथे सांगते. जुन्नरला प्रसारण केंद्र आहे. तिथून भजनं, बातम्या, बाजारभाव असा साधा रेडिओ लागतो. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या खूप वर, सत्तावन्न हजारांच्या आसपास, त्याच लहरीच्या पाठीवर बसवून आणखी एक बारीक सूर सोडतात. भजन ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या सुरातून सेकंदाला हजारभर शून्यं आणि एक जातात. तेवढ्यात वेळ, तिथी, हवामान, वीज कधी जाणार, सगळं मावतं. वस्तूत बसवलेली नखाएवढी चकती ते पकडते आणि पट्टीवर लिहिते.

याला इंटरनेट का लागत नाही? कारण इंटरनेट म्हणजे संभाषण. हा विचारतो, तो सांगतो, मिळालं का, मिळालं, असं सारखं चाललेलं असतं. इथे विचारपूस नाहीच. एसटी स्टँडवर भोंग्यातून ‘घोडेगाव गाडी फलाट क्रमांक तीन’ असा पुकारा होतो. ऐकतात सगळे, उठतात फक्त घोडेगाववाले. तसाच प्रत्येक निरोपाच्या आधी आकड्यांचा एक पत्ता असतो. ज्याचा पत्ता त्याची चकती जागी होते, बाकीच्या लक्ष देत नाहीत. पुकारणाऱ्याला मात्र कोण उठलं आणि कोण बाकावर झोपून राहिलं, ते कधीच कळत नाही. शिवाय आमच्या चकत्यांना एक कडक अट आहे. साधे रेडिओ ऐकता ऐकता स्वतःही किंचित गुणगुणतात. आमच्या चकत्यांनी तेवढंही करायचं नाही.

अशी कानाची घड्याळं आली, कानाचे पंप आले, वीज पडायची शक्यता असली की लाल होणारे कानाचे दिवे आले. ‘भिंतीला कान असतात’ ही म्हण आम्ही अकरा वर्षं अक्षरशः जगतोय. फक्त आमच्या भिंतींना तोंड नाही. शेजारच्या हौसाकाकू लांडे एकदा घड्याळाकडे बघून म्हणाल्या होत्या, “बाई, आशी सून पायजे. समदं ऐकून घेती, उलटून बोलत न्हाई.” मी हसले होते. माझी सून अगदी तशीच होती, आणि ते मी माझं नशीब समजत होते.

शिवांजली तिचं नाव. लग्नाला सहा वर्षं झाली. जुन्नरच्या त्याच केंद्रात ती निरोप विभागात आहे, म्हणजे आमच्या घड्याळांवर जे दिसतं ते ती पाठवते. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहते, शनिवारी वर येते. विश्वजित गावात कान दुरुस्त करतो. एक बोलायला लावते, दुसरा ऐकायला लावतो, असा जोडा आहे.

आदल्या रविवारी ती जेवताना म्हणाली, “आई, भामरागडच्या पलीकडे चाळीस गावं आहेत. तिथे कुठलंच नेटवर्क पोचत नाही. तिथे आपल्यासारखं केंद्र उभं करायचंय, दोन वर्षांत. प्रमुख म्हणून मला...”

मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. वाक्याचा शेवट दिसला की मला थांबवत नाही. “छे, तू नाही जाणार,” मी म्हणाले. “कुठे ते भामरागड! आणि विश्वजितच्या जेवणाचं काय? कधीपर्यंत कळवायचंय? शुक्रवार? मग उद्याच नाही म्हणून कळवून टाक. आमटी घे.”

तिने आमटी घेतली. विश्वजितने ताटात पाहिलं. खरं म्हणजे विश्वजित माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो, पण बोलण्याच्या ओघात असं होतं. मला वाटलं, विषय संपला.

चारच्या एसटीला निघताना ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “जाते.”

आता मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. गिरणीवर दळण टाकायला निघालेला ‘येतो’ म्हणतो, आणि पुढे वर्षभर तोंड न दाखवणारा पाहुणाही ‘येतो’च म्हणतो. सहा वर्षांत माझी सून ‘येते’ म्हटल्याशिवाय घराबाहेर पडली नव्हती. मी सवयीने दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर ती पायऱ्या उतरली होती. ती निघून गेली. सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या एका क्रियापदाशी भांडत होते. आणि गुरुवारी घड्याळावर ‘येते’ आलं.

विश्वजित त्याच्या दुकानातून धावतच घरी आला. “वाचलंस?”

“वाचलं,” मी म्हणाले. “रविवारी तोंडातून भलतं गेलं, आज चूक सुधारली. आजच्या गाडीने येतेय ती. भरली वांगी करते.”

तो पाटावर बसला. “आई, हा निरोप आहे.”

“निरोपच की. केंद्रातून आलाय.”

“तो निरोप नाही गं. घेतात तो निरोप.”

आमच्या भाषेची ही एक खोडच आहे. दुरून येतो तोही निरोप आणि सोडून जाताना घेतात तोही निरोप. “रविवारी तिचं ‘येते’ म्हणायचं राहिलं होतं,” विश्वजित म्हणाला, “ते तिने आज म्हटलं. उद्या ती होकार कळवणार आणि जाणार. जाताना माणूस ‘येते’च म्हणतं ना? तूच शिकवलंस सगळ्या गावाला.”

चार अक्षरं असती तर काही अंदाज बांधता आला असता, पण ही दोनच. समोर माणूस असता तर आवाजावरून कळलं असतं, खांद्यावर पिशवी आहे की नाही त्यावरून कळलं असतं. घड्याळाला काय विचारणार? मी तरी विचारलं. “अगं, कुठलं येते?” असं मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. घड्याळाने अकरा अठ्ठेचाळीस दाखवले.

तेवढ्यात हौसाकाकू दारात. केस विस्कटलेले, डोळे भरलेले. “बाई, मपली कमल येती! पाच वर्सांनी येती! घड्याळात आलंय बगा.” कमल त्यांची मुलगी, सुरतेला दिलेली. जावयाशी काहीतरी बिनसलं आणि माहेर तुटलं. काकूंना काही सांगायच्या आत त्या पुरणाची डाळ शिजायला घालायला पळाल्या. मग बबन केदारी, पाणी सोडणारा, रस्त्यातून ओरडत गेला, “पाणी येते! आज जादाचं पाणी येते! भांडी लावा!” आणि समोरच्या ओट्यावर परसूअण्णा आरसा टेकवून दाढी करायला बसलेले दिसले. त्यांची बायको दोन महिन्यांपासून माहेरी रुसून बसली होती.

विश्वजितने आमचं घड्याळ उतरवलं, मागचं झाकण काढून त्याची तपासणीची सुई लावली आणि बराच वेळ बघत राहिला. “पत्ताच नाही,” तो म्हणाला. “पत्त्याची जागा रिकामी गेलीय. रिकामी म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे सगळे.” मग हळू आवाजात म्हणाला, “आई, कुणाला सांगू नकोस. खाजगी निरोप पाठवायला सक्त मनाई आहे. ती गोत्यात येईल.”

मी नाही सांगितलं. पण गाव माझ्याकडेच आलं, कारण प्रश्न व्याकरणाचा होता. “बाई, ह्या वाक्याचा कर्ता कोन?” बबनने विचारलं. त्याला मी पाचवीत याच प्रश्नावरून उभं केलं होतं.

“कर्ता अध्याहृत आहे,” मी म्हणाले. “मी बाई असेन तर मी येते. ती येते. एसटी येते. आणि लेखी भाषेत पाणीसुद्धा येते.”

“अध्याहृत म्हंजी?”

“म्हणजे ज्याला जो हवा तो.”

ही व्याख्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण सगळ्यांचं समाधान झालं. ग्रामपंचायतीला कुलूप होतं, ग्रामसेवक किल्लीसकट तालुक्याला मीटिंगला. म्हणजे केंद्राला उलट विचारायची सोय नाही. राहिली चारची एसटी. जे काही यायचं ते तिच्यातूनच येणार होतं, पाणी सोडून.

साडेतीनलाच फाट्यावर जत्रा भरली. हौसाकाकू नव्या लुगड्यात, काखेत डबा. परसूअण्णांच्या डोक्याला इतकं तेल की माश्या बिचकाव्यात. बबन रिकामी कळशी घेऊन, कशाला ते त्यालाही सांगता येईना. मी चपलांऐवजी घरातल्या सपातांवरच आले होते, हे मला तिथे गेल्यावर दिसलं. विश्वजित माझ्याशेजारी उभा होता आणि घाटाकडे बघत होता.

एसटी आली. दार उघडलं. एकच बाई उतरली. पन्नाशीची, सुती साडी, खांद्याला कागदांची पिशवी, चेहरा घाटातल्या वळणांनी पिवळा पडलेला. दीडशे माणसं तिच्याकडे बघत राहिली.

“ही कुनाची?” हौसाकाकूंनी हळूच विचारलं.

“मी नाझनीन पटवेकर,” बाई म्हणाल्या. “प्रसारण नियंत्रण विभाग. सकाळी अकरा चाळीसला केंद्रातून एक बिनपत्त्याचा शब्द गेलाय. तो कशासाठी होता, ते मला जागेवर येऊन लिहून न्यायचंय. गाडी दहा मिनिटांत उलट फिरते, तेव्हा पटपट बोलूया. कुणाला मिळाला तो शब्द?”

सकाळपासून आपापला ‘येते’ कवटाळून बसलेल्या अख्ख्या गावाने कानांवर हात ठेवले. सरकारी पिशवी बघितली की आमचं असंच होतं. “कुटला शब्द?” बबन म्हणाला, हातात कळशी तशीच.

पटवेकर मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “घाबरू नका. ड्यूटीवर कोण होतं ते मला माहीत आहे. शब्द कामाचा होता की घरगुती, एवढंच ठरवायचंय. घरगुती असला तरी तिची नोकरी जाणार नाही. फक्त एक नवी नेमणूक मिळालीय, ती रद्द होईल. इथेच राहील जुन्नरला.”

त्यांनी हे धीर द्यायला सांगितलं. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं, कारण केंद्रात कुणाची सून आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि मी? मी खरं सांगते, मला आनंद झाला. इथेच राहील जुन्नरला! शनिवारी वर येईल, आमटी घेईल. त्यासाठी मला काही वाईटही करायचं नव्हतं, फक्त खरं बोलायचं होतं. ‘मॅडम, तो शब्द माझ्या सुनेने मला पाठवला,’ एवढं एक निर्दोष वाक्य. एकतीस वर्षं मुलांना ‘नेहमी खरे बोलावे’ फळ्यावर लिहून दिलं, त्याचं फळ अखेर पदरात पडत होतं.

मी विश्वजितकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखली. वर्गात हात वर करून करून थकलेलं आणि शेवटी हात खाली घेतलेलं पोर असतं, त्याची नजर. मला एकदम लाज वाटली.

“ती चाचणी होती,” मी म्हणाले.

“कसली चाचणी?”

“कानांची. मॅडम, तुम्ही अकरा वर्षं खालून बोलताय. वर कुणी ऐकतंय की नाही, ते तुम्हाला कळतं का?”

“नाही कळत,” त्या म्हणाल्या. “तीच तर या यंत्रणेची अडचण आहे.”

“म्हणून मीच रविवारी सुनेला म्हटलं, एकदा सगळ्यांना मिळून एक शब्द पाठव. ज्याला मिळेल तो चार वाजता फाट्यावर येईल. हे बघा आले. घ्या मोजून.”

मग हौसाकाकूंनी पदर खोचला आणि हात वर केला. “मला मिळाला.” परसूअण्णा म्हणाले, “मलाबी.” मग मागून, पुढून, झाडाखालून, “मिळाला! मिळाला!” बबन म्हणाला, “मला तं दोनदा मिळाला.” मी त्याच्याकडे पाचवीतल्यासारखं पाहिलं, तेव्हा गप्प बसला.

मॅडमनी खरोखर मोजलं. एकशे त्रेसष्ट भरले. त्यांनी ते लिहिलं, पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, चाचणीचा नियम आहे. चाचणी असेल तर शब्दही ‘चाचणी’ असाच पाठवायचा. ‘येते’ का पाठवला?”

“‘चाचणी’ पाठवलं असतं तर कोण आलं असतं?”

त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मग त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून सही ठोकली. जाता जाता मला हळूच म्हणाल्या, “खरं काय ते मी विचारत नाही. पण मी या खात्यात अकरा वर्षं आहे. आपलं कुणीतरी ऐकतं, हे आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.”

गाडी वळली. मी पुढचा दांडा धरून वर चढले. “आई, कुठे?” विश्वजित ओरडला. “सपाता आहेत पायात!”

“जुन्नरला. निरोप मिळाल्याचं सांगून येते,” मी म्हणाले. “त्या घड्याळाला तोंड नाही, मला आहे.”

हौसाकाकू तशाच उभ्या होत्या. त्यांची कमल आली नव्हती, आणि आता येणार नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी खिडकीतून पुरणपोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. “सुनंला द्या. मपल्या घरी कोन खानार?” मी म्हटलं, “काकू, कमलचा नंबर पाठ आहे ना? सांगा.” त्यांनी पाढा म्हणावा तसा धडाधडा सांगितला. पाच वर्षांत तो लावायला कुणाची वाट बघत होत्या कोण जाणे.

घाटाखाली शांतक्षेत्राची पाटी संपली आणि मॅडमनी पिशवीतला बंद मोबाईल सुरू केला. तोच घेऊन मी कमलला फोन लावला. म्हटलं, “तुझ्या आईने आज तुझ्यासाठी पुरण घातलं, एका चुकीच्या निरोपावरून. तू येणार नव्हतीस, तरी तिने घातलं.” पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं. मग कमल म्हणाली, “बाई, रविवारी येते.” मी आता शहाणी झाले होते. म्हटलं, “नुसतं येते नको. गाडीची वेळ सांग.” तिने सांगितली. मॅडमनी ती आपल्या कागदाच्या मागच्या बाजूला टिपून घेतली आणि म्हणाल्या, “हा निरोप उद्या पत्त्यासकट पाठवू. पाहुण्याच्या आगमनाची सूचना, नियमात बसते.”

पावणेसहाला केंद्राच्या फाटकाशी पोचलो. शिवांजली पायऱ्यांवर बसली होती. ड्यूटी संपून तास झाला असावा. मॅडम तिच्याजवळून जाताना म्हणाल्या, “चाचणी यशस्वी. अभिनंदन,” आणि आत गेल्या. शिवांजली त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिला मी दिसले, मग माझ्या सपाता दिसल्या.

“आई? तुम्ही? काय झालं?”

“तुझा निरोप मिळाला,” मी म्हणाले. “सगळ्या गावाला मिळाला.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “पाठवला आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं. पत्ता घालायचाच राहिला.”

फाट्यावर काय झालं ते मी सांगितलं, चाचणीचं, बबनचं, परसूअण्णांच्या तेलाचं. ती हसली, रडली, पुन्हा हसली. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला आणि पुरणपोळीचा डबा उघडला. मग मी विचारलं, “येते म्हणजे काय गं? येते की जाते?”

तिने कप बाकड्यावर ठेवला. “मलाच माहीत नव्हतं, आई. रविवारी ‘जाते’ म्हटलं ते बोचत होतं. यायचं की जायचं, ठरत नव्हतं. दोन्हीकडे चालेल असा हा एकच शब्द होता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि पाठवताना जरा बरंही वाटलं. कारण तुम्हाला उलट काही बोलता येणार नव्हतं.”

आजवर मी अनेकांची कानउघाडणी केली. माझी कुणी इतक्या हळू आवाजात केली नव्हती. सहा वर्षं ही मुलगी माझ्या घरात त्या घड्याळासारखी भिंतीवर होती. मी बोलायची, ती घ्यायची. तिच्याकडून मला काही मिळायचं राहिलंय, हे मला कधी सुचलंच नाही. वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही. मग विचारलं, “तुला जायचंय का?”

तिने मान वर केली. एवढासा प्रश्न, पण तो ऐकायला तिला वेळ लागला.

“हो,” ती म्हणाली. “खूप.” आणि मग धीर करून, “विश्वजितलाही यायचंय. त्या चाळीस गावांतले कान कोण बसवणार? महिना झाला त्याचं ठरून. तुम्हाला सांगायला घाबरतो.”

चौतीस वर्षांचा घोडा. आईला घाबरतो. माझ्या डोळ्यांपुढे रिकामं घर आलं, एकटीचं ताट आलं, आणि जिभेवर आठ-दहा उत्तरं एकदम गोळा झाली. भामरागडचा पाऊस, हिवताप, माझा गुडघा. एकाहून एक बिनतोड. मी चहाचा मोठा घोट घेतला आणि सगळी गिळली. गुडघा तर खरंच दुखत होता, पण तो दोन वर्षं माझा मीच सांभाळीन.

“उद्या होकार कळव,” मी म्हणाले. “दोघांचा. आणि आता सांग, तिथे काय काय करणार आहेस?”

ती आधी अडखळत बोलली. मग सुरू झाली. तिथे भाताच्या खाचरात माणसं वीज पडून मरतात, म्हणून सगळ्यांत आधी दिवे बसवायचे. चकतीवर लिहायचं ते मराठीत नाही, तिथल्या माडिया बोलीत, आणि त्यासाठी तिथल्याच दोन मुलींना शिकवायचं. मनोरा उभारायला टेकडीही तिने नकाशावर हेरून ठेवली होती. बोलताना तिचे हात हलत होते. इतके हात हलवत बोलताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. दोन ठिकाणी शब्दाचं लिंग चुकलं, एके ठिकाणी गुणाकार. माझी जीभ सळसळली. मी पुरणपोळीचा तुकडा तोंडात टाकला.

टपरीवाल्याने बाकडी उचलायला घेतली तेव्हा ती एकदम थांबली. “आई, तुम्ही मघापासून काहीच बोलला नाहीत. ऐकताय ना?”

“ऐकतेय,” मी म्हणाले. “पुढे?”